डोलकाठीवरचा उजेड

संसार मोडला की वाटणी भांड्याकुंड्यांवरून सुरू होते, असा आपला समज. 'सेंट एल्मोज फायर' या अमेरिकी चित्रपटात ती गाण्यांच्या रेकॉर्डवरून सुरू होते. अ‍ॅलेक आणि लेस्ली लग्न न करता एकत्र राहत होते. त्याची बाहेरची प्रकरणं उघडी पडली आणि आता ती सामान न्यायला आली आहे. गायक बिली जोएल तिने खुशाल न्यावा, त्याची 'द स्ट्रेंजर' तेवढी ठेवून. पण स्प्रिंगस्टीन या दुसऱ्या गायकाची एकही रेकॉर्ड या घराबाहेर जाणार नाही, हे तो अशा थाटात ठणकावतो की जणू सातबाऱ्यावर त्याचंच नाव आहे. दोघांचे आवाज चढलेले, आणि भांडण ज्यावरून पेटलंय त्याबद्दल चकार शब्द नाही. मधल्या चाळीस वर्षांत रेकॉर्ड गेल्या, कॅसेट गेल्या, सीड्यांचंही तेच झालं. आता जोडपी तुटली की फार तर पासवर्ड बदलतात. पण हे दृश्य लावून बघा, त्याला कुठे गंज चढलेला नाही.

आणि याच चित्रपटात पुढच्या-मागच्या दहा मिनिटांत अशी दृश्यं आहेत की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. म्हणून 'आज तो टिकतो का?' या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही. कुठला धागा टिकला आणि कुठला कुजला, हे उसवूनच बघावं लागतं.

आधी थोडी ओळख. चित्रपट २८ जून १९८५ला अमेरिकेत लागला. दिग्दर्शक जोएल शूमाकर, पटकथा त्याची आणि कार्ल कर्लँडरची. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातून नुकतेच बाहेर पडलेले सात मित्रमैत्रिणी, आणि सेंट एल्मोज हा बार म्हणजे त्यांचा कट्टा. कर्बी तिथेच वेटर आहे आणि शिकतोय वकिलीचं. बिली सॅक्सोफोन वाजवतो, त्याला बायको आहे, मूल आहे, आणि दोघांचंही भान नाही. केव्हिन वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहितो. अ‍ॅलेक राजकारणात शिरू पाहतोय, लेस्ली वास्तुरचनाकार होतेय, जूल्स बँकेत आहे, वेंडी गरिबांसाठीच्या सरकारी मदत-कार्यालयात. जॉर्जटाउनने चित्रीकरणाला परवानगी नाकारली, म्हणून पडद्यावरचा कॅम्पस मेरिलँड विद्यापीठाचा आहे. समीक्षकांनी चित्रपट झोडपला, बिली झालेल्या रॉब लोला वाईट अभिनयासाठीचा रॅझी हा थट्टेचा पुरस्कार मिळाला, आणि प्रेक्षकांनी मात्र साधारण एक कोटी डॉलरच्या खर्चावर अमेरिकेतच पावणेचार कोटींच्या आसपास गल्ला जमवून दिला. तेव्हापासून दोन तट पडले ते आजतागायत. एका तटाला तो पाठ आहे, दुसऱ्याला तो वीस मिनिटंही बघवत नाही.

आता पटकथेचं गणित मांडू. अनेक मुख्य पात्रांच्या चित्रपटात मिनिटांचा हिशेब निर्दय असतो. इथे जवळपास १०८ मिनिटं आणि सात माणसं, म्हणजे माणशी पंधरा मिनिटं. तेवढ्यात त्याची नोकरी, प्रेम, घरचे, संकट आणि त्यातून सुटका, असं सगळं बसवायचं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या 'द ब्रेकफास्ट क्लब'मध्ये एमिलिओ एस्तेवेझ, जड नेल्सन आणि अ‍ॅली शीडी हे इथलेच तिघं, म्हणजे इथले कर्बी, अ‍ॅलेक आणि लेस्ली, शाळकरी पोरं म्हणून होते. तिथे पाच मुलं, ९७ मिनिटं, म्हणजे भागाकार केला तर फरक फार नाही. पण तो चित्रपट एका शनिवारचा, एका शाळेच्या ग्रंथालयातला आहे. एक मुलगा बोलत असताना बाकी चौघं चौकटीत असतात, ऐकतात, तोंड फिरवतात, हसू दाबतात. प्रत्येक मिनिट पाचही खात्यांवर जमा होतं. 'सेंट एल्मोज'मध्ये माणसं शहरभर पांगलेली, काळ काही महिन्यांचा, आणि एकाचं दृश्य सुरू झालं की बाकी सहा जण कुठेतरी थिजून पडलेले. मग दर वेळी सगळ्यांना बारमध्ये गोळा करायचं, एखादा आरडाओरडा, एखादी मारामारी, आणि पुन्हा पांगापांग. बारची दृश्यं इतकी गजबजलेली का वाटतात, त्याचं कारण हे आहे. सगळी थकबाकी तिथेच फेडायची असते.

अशा पटकथेला कात्री लावून बघण्याची एक साधी रीत आहे. एकेक पात्र काढून टाकायचं आणि बाकीच्यांचं काय कोसळतं ते पाहायचं. वेंडी काढली तर बिलीला पैसे देणारं, त्याला माफ करणारं कोणी उरत नाही. केव्हिन काढला तर अ‍ॅलेक-लेस्लीचं प्रकरण अर्धं होतं, कारण लेस्लीवर मूकपणे प्रेम करणारा तोच, आणि घर सोडल्यावर ती जाते तीही त्याच्याच खोलीवर. कर्बी काढा. काहीच होत नाही. बाकीच्या सहांच्या आयुष्यातली एक वीटही हलत नाही. एवढा मोठा तुकडा गोष्टीला न सांधता नुसता टांगलेला आहे, आणि नेमका तोच आज सगळ्यात जास्त नासलाय.

कर्बीला डेल नावाची डॉक्टर आवडते. कॉलेजपासूनची ओळख, ती वयाने मोठी, आणि आता इस्पितळात अचानक पुन्हा दिसते. इथवर सगळं गोड. मग तो भर पावसात सायकल मारत तिच्या मागावर एका मेजवानीपर्यंत जातो आणि बाहेर भिजत उभा राहतो. ती आपल्यावर भाळावी म्हणून वकिली सोडून डॉक्टर व्हायचं ठरवतो. एका श्रीमंत कोरियन व्यावसायिकाकडे कामाला लागतो आणि त्याच्या घरात तिच्यासाठी पार्टी ठेवतो. ती येत नाही. तेव्हा गाडी काढून बर्फातल्या डोंगरावर, ती मित्राबरोबर सुट्टीला गेली आहे त्या घरापर्यंत, रात्री जाऊन थडकतो. ती दोघं भली माणसं, त्याला ठेवून घेतात. सकाळी निघताना तो तिला ओढून तिचं चुंबन घेतो आणि लढाई जिंकल्यासारखा गाडीतून निघतो. पार्श्वसंगीतही त्याच्या बाजूने.

मराठी वाचकाला याचं नाव सांगायला नको. 'एकतर्फी प्रेमातून' या दोन शब्दांनी सुरू होणाऱ्या बातम्या आपण इतक्या वाचल्यात की पुढचं वाक्य काय असणार हे पोटात कळतं. १९८५मध्ये अमेरिकेत या वागण्याला कायद्यात वेगळं नाव नव्हतं. १९८९ साली एका तरुण अभिनेत्रीचा तिच्या चाहत्याने खून केला, त्यानंतर १९९०मध्ये कॅलिफोर्नियाने पाठलागाविरुद्धचा पहिला कायदा केला, आणि काही वर्षांत बाकीची राज्यं मागोमाग आली. आपल्याकडे २०१३मध्ये दंड संहितेत ३५४ ड हे कलम आलं, आता न्याय संहितेत ते ७८वं आहे. 'तेव्हा कोणाला कळत नव्हतं' असा बचाव यावर नेहमी होतो. तो अर्धाच पटतो. डेलची भूमिका करणारी अँडी मॅकडॉवेल बघा. ती हसते, पण हसताना दाराकडे बघतेय असं वाटतं. बाईला कळत होतं, कॅमेऱ्याला कळत नव्हतं.

बिलीचं प्रकरण याहून वाईट, कारण ते गोष्टीच्या मध्यावर आहे. चित्रपट सुरू होतो तोच अपघाताने. बिलीने पिऊन वेंडीची गाडी ठोकलेली, आणि इस्पितळात सगळे त्यावर हास्यविनोद करतात. दारूच्या किमान वयासाठी राज्यांवर दबाव आणणारा कायदा अमेरिकेत १९८४च्या जुलैमध्येच झाला होता, मद्यपी चालकांविरुद्ध आयांची चळवळ त्याआधी चार वर्षं चालू होती. म्हणजे हसू तेव्हाही थोडं शिळंच होतं. पुढे जूल्स त्याला जीपमधून घरी सोडायला येते, तेव्हा तो तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो. ती त्याला झिडकारते, सुनावते. ठीक. पण शेवटाकडे जूल्सची नोकरी गेलेली असते, ती खोलीत स्वतःला कोंडून घेते आणि जगायची इच्छा सोडते, तेव्हा तिला समजावायला आत कोणाला पाठवायचं? बिलीला. जीपमधल्या रात्रीचा उल्लेखही नाही. पटकथाकारांना वाटलं असावं की सगळ्यात वाया गेलेल्या माणसाच्या तोंडी शहाणपण घातलं की त्याचाही उद्धार आणि तिचाही, एका दगडात दोन पक्षी. पण हिशेब चुकता न करता केलेली ही बढती आहे. वेंडीच्या बाबतीत तेच. जो तिच्या कपड्यांवरून, तिच्या अंगलटीवरून तिला लाजवतो, त्यालाच ती निरोपाच्या रात्री आपलं पहिलेपण देते, आणि चित्रपट त्याला तिचं मोकळं होणं म्हणतो.

शहराबद्दलचा आंधळेपणाही आज डोळ्यांत खुपतो. १९८०च्या जनगणनेत वॉशिंग्टनची सुमारे ७० टक्के वस्ती कृष्णवर्णीय होती. या चित्रपटात कृष्णवर्णीय स्त्रिया भेटतात कुठे? रात्री रस्त्यावर गिऱ्हाईक शोधताना, आणि वेंडीच्या कार्यालयात मदतीसाठी हुज्जत घालताना. दोन्हीकडे विनोदापुरत्या. समलिंगी माणूस आहे, जूल्सचा शेजारी, घर सजवणारा. आणि केव्हिन 'तसा' आहे की काय या शंकेवर बरेच हशे काढले आहेत. शूमाकर स्वतः समलिंगी होता, हे माहीत असलं की हे हशे आणखी अवघड वाटतात. चित्रपट लागल्यावर महिन्याभरात, २५ जुलैला, रॉक हडसन या प्रसिद्ध नटाच्या एड्सची बातमी जगजाहीर झाली. त्यानंतर या सातांचं बिनघोर एकमेकांच्या खोल्यांत ये-जा करणं पाहता पाहता जुनं झालं असणार.

इतकं सगळं वजा केल्यावर उरतं काय? उरतात वस्तू. हे माझं ठाम मत आहे: या चित्रपटात माणसं बोलू लागली की बनावट वाटतात, आणि खोल्या, कपडे, सामान गप्प बसून खरं सांगतात. यात नवल नाही. दिग्दर्शक होण्याआधी शूमाकर वेशभूषाकार होता, वुडी अ‍ॅलनच्या 'स्लीपर' आणि 'इंटिरियर्स'चे कपडे त्याचे. त्याच्याही आधी तो न्यू यॉर्कच्या हेन्री बेंडेल या उंची दुकानाच्या काचेमागची सजावट करायचा. काचेमागे पुतळा उभा करून त्याच्याभोवती अशा चार वस्तू मांडायच्या की रस्त्याने जाणाऱ्याला त्या आयुष्याची हाव सुटावी, हे त्याचं मूळ शिक्षण.

जूल्सचं घर त्या नजरेने बघा. भिंती गुलाबी. एका भिंतीवर बिली आयडॉल या गायकाचा भलाथोरला चेहरा रंगवलेला, कानात निऑनचा डूल. सगळं उधारीवर. तिचे कपडे, तिचं जीप चालवणं, पहाटे फोन करून मित्रांना कुठूनतरी आपली सुटका करायला लावणं, यातलं काहीच पगाराशी जुळत नाही, आणि ते न जुळणं कोणी तोंडाने सांगत नाही. 'न्यूजवीक'ने १९८४ हे यपींचं वर्ष म्हणून मुखपृष्ठ काढलं होतं. तरुण, शहरी, भरपूर पगारवाले. जूल्स ही त्या मुखपृष्ठाची मागची बाजू आहे. मग नोकरी गेल्याचं तिने लपवल्याचं उघड होतं, सामान गेलेलं असतं, आणि उरते ती खोली: उघड्या खिडक्या, उडणारे पडदे, थंडी, आणि जमिनीवर अंगाची जुडी करून बसलेली मुलगी. छायाचित्रकार स्टीफन बरमने ही खोली निळसर, गार ठेवली आहे. आधीच्या गुलाबीशेजारी ती आपोआप बोलते. हप्त्यांवरचा फोन, क्रेडिट कार्डावरची सहल आणि इन्स्टाग्रामवरची खोली बघणाऱ्या आजच्या पिढीला जूल्स समजावून सांगावी लागणार नाही. जूल्स झालेल्या डेमी मूरने पुढे आत्मचरित्रात लिहिलं की या चित्रपटाच्या वेळी ती स्वतः व्यसनात होती आणि उपचार घेतल्याशिवाय काम मिळणार नाही, असं तिला बजावण्यात आलं होतं. ते न वाचताही त्या खोलीतला तिचा थरकाप अभिनयापलीकडचा वाटतो.

अ‍ॅलेकचंही असंच. तो विद्यार्थिदशेत डेमोक्रॅट, आणि आता रिपब्लिकन सिनेटरकडे काम करतो, कारण पगार बरा. राष्ट्राध्यक्ष रेगनची दुसरी कारकीर्द नुकती सुरू झालेली. यावर भाषण नाही, नुसता त्याचा सूट बदलतो. बाहेर भानगडी करणारा हा गडी लेस्लीला म्हणतो, लग्न झालं की मी एकनिष्ठ होईन. आणि तिला न विचारता भर पार्टीत साखरपुडा जाहीर करतो. हे पात्र आज जास्त धारदार दिसतं, कारण जड नेल्सनने त्याला लाडावलेला न ठेवता किंचित धोकादायक ठेवलाय.

विनोदातलं एकच दृश्य पूर्ण टिकलंय, ते वेंडीच्या घरचं जेवण. वडिलांचा भेटकार्डांचा धंदा, घरात पैसा, आणि आईची एक खोड: जे शब्द तिला भयंकर वाटतात ते ती कुजबुजत उच्चारते. कॅन्सर म्हणायचं झालं की आवाज खाली. आपल्याकडेही घराघरांत ही मावशी आहे, 'त्यांना ते... हे झालंय' म्हणून मानेने खुणावणारी. बिलीसमोर हे जेवण होतं, आणि एका टेबलावर दोन वर्गांचं अवघडलेपण एकही व्याख्यान न देता मांडलं जातं.

चित्रपटाभोवतीचा गाजावाजा थोडक्यात सांगून होतो. प्रदर्शनाच्या अडीच आठवडे आधी 'न्यू यॉर्क' साप्ताहिकात डेव्हिड ब्लमचा लेख आला. घ्यायची होती एस्तेवेझची मुलाखत, पण त्याच्या कंपूबरोबर एक रात्र काढून ब्लमने सगळ्यांना मिळून 'ब्रॅट पॅक' हे नाव चिकटवलं. लाडावलेल्या कार्ट्यांचं टोळकं, असा त्याचा अर्थ. पोरं हादरली, एकमेकांबरोबर काम टाळू लागली. केव्हिन झालेल्या अँड्र्यू मॅकार्थीने २०२४मध्ये त्यावर 'ब्रॅट्स' नावाचा माहितीपट काढला आणि ब्लमला गाठून प्रश्न विचारले. इतकी ती जखम ओली. शीर्षकगीताची गोष्ट त्याहून मजेची. सप्टेंबर १९८५मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण गायक जॉन पार आणि संगीतकार डेव्हिड फॉस्टर यांनी ते लिहिलं ते रिक हॅन्सन या कॅनडाच्या खेळाडूवरून, जो त्याच मार्चमध्ये चाकाच्या खुर्चीतून जगप्रवासाला निघाला होता. ३४ देश, ४० हजार किलोमीटर, दोन वर्षांहून अधिक. ज्यांनी आयुष्यात अजून एक बिलही वेळेवर भरलेलं नाही अशा सात जणांवर ते गाणं वाजतं.

आता नावाकडे. कोंडून घेतलेल्या जूल्ससमोर बिली हवेत फवारा मारून लायटरने जाळ काढतो आणि सांगतो की सेंट एल्मोची आग नावाचं काही नसतंच. खलाशांनी कठीण काळात धीर टिकावा म्हणून रचलेली ती बतावणी, तिच्या भरवशावर ते वाट काढायचे, आणि तो संतही खोटाच. चित्रपटाचं हे काळीज. आणि यातलं सगळं चुकीचं आहे. ती आग खरी असते. वादळात ढग आणि समुद्र यांच्यामधलं विद्युतक्षेत्र फार वाढलं की टोकदार वस्तूभोवतीची हवा भारित होते आणि निळसर-जांभळी चमकू लागते. डोलकाठीचं टोक, देवळाचा कळस, विमानाच्या पंखाची कड. कधी सापासारखा फुत्कार ऐकू येतो. ती चटका देत नाही. दर्यावर्दी मॅगेलनबरोबर सफरीवर गेलेल्या पिगाफेत्ताने ती पाहिल्याची नोंद करून ठेवली आहे. संताचं नाव इरॅस्मस, खलाशांचा पाठीराखा. राहिला वाट दाखवण्याचा मुद्दा. जो उजेड आपल्याच डोलकाठीवर पेटतो, त्याच्या रोखाने जहाज हाकणार कसं? तो एवढंच सांगतो की भोवतीची हवा भारली आहे आणि वीज जवळ आहे. सात तरुण, उधारी, दारू, कोकेन, पाठलाग, आणि त्यांच्याच डोक्यावर निळा जाळ नाचतोय: यापेक्षा नेमकं रूपक पटकथेला सापडलं नसतं. ते शीर्षकातच होतं. पण बिलीला आगीवर निबंध म्हणायचा होता, आणि विश्वकोश उघडून पाहायला कोणाला सवड नव्हती.

म्हणून शिफारस करायची तर अशी. पहिला अर्धा तास सोसा. कर्बीची दृश्यं पुढे ढकला, गोष्टीत कुठेही खळ पडणार नाही. वेंडीचं जेवण, रेकॉर्डची वाटणी, जूल्सची रिकामी खोली, एवढं नीट बसून बघा. आणि मेर विनिंगहॅमने केलेली वेंडी सोडू नका. बापाने लग्नासाठी दाखवलेली आमिषं नाकारून ती स्वतःची खोली घेते. एका रात्री जाग येते, भूक लागलेली. स्वयंपाकघरात जाऊन ती स्वतःसाठी शेंगदाण्याचं लोणी आणि जॅम लावून सँडविच करते, आणि ते तिने आयुष्यात खाल्लेलं सगळ्यात चांगलं सँडविच असतं. ती हे नुसतं सांगते, आवाज न चढवता. खोली तिची, ब्रेड तिचा, वेळ तिची.

त्यानंतर बिलीची न्यू यॉर्कची बस सुटते. उरलेले सहा जण बस स्थानकावरून चालत बारपाशी येतात, काचेतून आत बघतात. आत त्यांच्यासारखीच, पण चार-पाच वर्षांनी लहान टोळकी बसलेली. आत जायला कोणी पाय उचलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामं आहेत. मग रविवारी भेटू असं ठरतं, दुपारच्या आत, हूलिहान्समध्ये. तिथे एवढी पोरं नसतात.